पाच टिपक्यांचा गहू

मैनाबाई,

आज सकाळी पेपर वाचला आणि इतका संताप आला की चहा तसाच निवून गेला. कुठल्याशा शास्त्रज्ञांनी हिशेब बसवलाय म्हणे. गहू फुलोऱ्यावर असताना धुकं किती दिवस होतं, पाऊस पडला की नाही, एवढं यंत्राला सांगितलं की त्या गव्हात बुरशीचं विष उतरणार का, ते कापणीच्या आधीच कळतं. खाली यंत्राशेजारी हसणाऱ्या माणसांचा फोटो. माझी सून जया म्हणाली, "आई, एवढं चिडायला काय झालं? चांगली बातमी आहे."

चांगलीच आहे. मी कुठे वाईट म्हणते? पण हेच अठ्ठावन्न साली भिलाईत एका बाईने राखेने भिंतीवर लिहून ठेवलं होतं आणि आम्ही शिकलेल्यांनी तिला हाकलून लावलं, हे जयाला कुठून सांगायला बसू? म्हणून तुम्हालाच लिहिते. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि आज तुम्ही असाल तर शंभरीच्या आसपास, म्हणजे बहुतेक नसालच. तरी लिहिते. तेव्हा मी तेवीस वर्षांची, तुम्ही चाळिशीला टेकलेल्या, आणि मी तुम्हाला खुशाल 'तू' म्हणत होते. आता 'तुम्ही' म्हणते. त्यात माझा मोठेपणा काही नाही, उशीर तेवढा आहे.

तुम्हाला ज्यांनी पाहिलं नाही त्यांनाही कळावं म्हणून पहिल्यापासून सांगते. कंटाळू नका.

तुम्ही साकोलीकडच्या. तुमचे तेजराम सत्तावन्न साली माती उपसायच्या कामावर भिलाईला आले, आणि मागोमाग तुम्ही. पोलाद कारखान्याच्या पायाची माती सात महिने तुमच्या डोक्यावरून गेली. मग मान धरली म्हणून कंत्राटदाराच्या मेसमध्ये काम मागायला आलात. पत्र्याचं लांबलचक छप्पर, तीनशे मजुरांचं जेवण, आणि कंत्राटदाराचा उजवा हात असलेले वर्ध्याचे भैय्याजी तिथले व्यवस्थापक. पांढरं धोतर, खिशाला दोन पेनं, आणि आवाज असा की पत्रे थरथरावेत.

"तुले धान्य निवडता येते का?" त्यांनी विचारलं.

तुम्ही पोत्यात हात घातला, चार दाणे दाताखाली फोडले आणि म्हणालात, "मले निवडता येते. तुमाले घेता येते का, थे पाहा अगुदर. अर्धं पोतं मागच्या सालचं हाय."

कौशल्या तिथे भाजी चिरत होती, ती सांगायची, भैय्याजींचा चेहरा वांग्यासारखा झाला. पण पोतं खरोखरच जुनं निघालं. काम मिळालं. आणि भैय्याजींनी तो शब्द मनात ठेवला, हेही कळलं. नंतर.

माझे यजमान दयाराम त्याच कंत्राटदाराच्या ऑफिसात हेडक्लार्क. ऑफिसवाल्यांची कौलारू क्वार्टरं कॅम्पापासून दहा मिनिटांवर. मंगळवारी तुम्ही आमच्याकडे निवडायला यायचात. तुमचं सूप मी अजून ऐकू शकते म्हटलं तर खोटं होईल. मला आठवतं ते तुमचं तोंड. एकदा मी पोळ्या करत असताना तुम्ही डोकावलात आणि म्हणालात, "काय वो बाई, कॉलेजात पोया लाटाले शिकवत नाई काय? हा त भंडाऱ्याचा नकाशा झाला." मला राग आला आणि हसूही आलं. तेवढ्या मोठ्या माळावर, जिथे दर आठवड्याला नवा माणूस आणि नवी भाषा उतरत होती, तिथे माझ्याशी कोणी असं बोलत नव्हतं.

टिपके मी जानेवारीत पाहिले. मेसच्या मागच्या भिंतीवर, ओल्या राखेत बोट बुडवून काढलेले. भैय्याजींना वाटलं, तुम्ही स्वतःची हजेरी मांडता. त्यांनी ओल्या फडक्याने पुसून टाकले. दुसऱ्या दिवशी तुम्ही ते सगळे पुन्हा काढलेत आणि वर एक जास्त.

"हे काय गं?" मी विचारलं.

"जुनवानीचा गहू."

आज जुनवानी म्हणजे घरंच घरं. तेव्हा नुसती शेतं. तुमची मामेबहीण भागीरथा तिथे दिलेली, आणि सुट्टीच्या दिवशी तुम्ही बांधाबांधाने फिरून यायचात; बाकीच्या दिवसांचं भागीरथा निरोपाने कळवायची.

"अर्धा गहू निसवला, ओंब्या भायेर आल्या, का मी मोजाले लागतो," तुम्ही म्हणालात. "सकाळी धुई पडली, अन सूर्य वर येऊनबी ओंबीवरचं पानी वायलं नाई, त एक टिपका. पानी पडलं त खाली रेघ. धा दिवस मोजाचं. तीन टिपक्यापावतर काई नाई. चार झाले त तो गहू अलग ठेवाचा. पाच झाले अन एक रेघ आली, त खाचा नाई. गाईलेबी द्याचा नाई."

"का? काय होतं?"

"मातते. कोदो मातते तसा. खाल्लं का मानूस झिंगते."

मग तुम्ही ते सांगितलंत. लहानपणी पिकावर पाऊस झालेला कोदो, म्हणजे ते गरिबाघरचं भरडधान्य, घरात शिजला. सगळं घर दोन दिवस भिंती धरून चालत होतं. धाकटा भाऊ उठलाच नाही. तुमच्या आजीने तेव्हापासून मोजायला सुरुवात केली. पहिल्यांदा कोदोचं, मग गव्हाचं. आजीकडून आईकडे, आईकडून तुमच्याकडे. किती हंगामांचा तो हिशेब! आम्ही कॉलेजात एक हंगाम वहीत उतरवला की पाठ थोपटून घ्यायचो.

त्या दिवशी भिंतीवर चार टिपके होते. आठवडा संपला तेव्हा पाच, आणि खाली एक रेघ.

एप्रिलमध्ये मेसमध्ये नव्या गव्हाची वीस पोती उतरली. कुठली? जुनवानीकडची. स्वस्त, जवळची, आणि भैय्याजींनी स्वतः पसंत केलेली. तुम्ही पहिलं पोतं उघडून सुपात घेतलंत आणि सूप खाली ठेवलंत.

"हा गहू मी निवडत नाई."

"कावून?" भैय्याजी.

"निवडून काय करू? वाईट दाना निवडाचा का चांगला?"

"आता तू मले गहू शिकवशीन?"

"शिकाचं असंन त शिकवतो."

मला बोलावणं आलं. भैय्याजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही बी.एस्सी. आहात, वनस्पतिशास्त्राच्या. तुम्हीच सांगा हिला." तेव्हा काय फुशारले मी! नागपूरची पदवी होती आणि दोन वर्षांत कोणी तिच्याबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. ट्रंकेतून भिंग काढून नेलं. दाणे पाहिले. काही सुरकुतलेले, खडूसारखे पांढरे, टोकाशी फिकट गुलाबी. बुरशी होती, ते मला दिसलं. नाव सांगता आलं नाही, पण नाव येत नाही असं कबूल करण्याइतकी अक्कल नव्हती.

"बुरशी आहे, पण वरवरची," मी म्हणाले. "तीन पाण्यांनी धुवा, कडक उन्हात दोन दिवस वाळवा. काही होत नाही."

हे मी म्हणाले. दुसरं कोणी नाही. इतकी वर्षं मी हे वाक्य घरात कोणापाशी काढलं नाही.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागाने नाही, मोठ्या माणसाने चुकणाऱ्या पोराकडे पाहावं तसं. "बाई, हे वरचं नोहे. फुलावर होता तवाच आत बसलं. धुतल्यानं लुगड्याची घान जाते, पोटातली नाई जात."

"मैनाबाई, मी हे शिकले आहे."

"शिकल्या असान. पाहेलं हाय काय?"

भैय्याजी मोठ्याने हसले आणि म्हणाले, "झालं! वहिनींनी सांगितलं, धुऊन घ्या. आता कटकट नको."

एप्रिलच्या उन्हात तुम्ही आणि कौशल्या, दोघींनी वीस पोती धुतलीत. तुमचा विश्वास नव्हता तरी एक पाणी कमी केलं नाहीत. पहिल्या दळणाचं पीठ आलं तेव्हा त्याची एक पोळी करून कोंबडीला घातलीत. नव्या गव्हाची पहिली पोळी कोंबडीला, हा तुमचा नेम. तासाभरात कोंबडी मान वाकडी करून बसली. तुम्ही ती पदराखाली घेऊन भैय्याजींच्या टेबलावर नेऊन ठेवलीत. कागदांवर.

"ही पाहा."

"हिला ऊन लागलं."

"बाकीच्या तीन उन्हातच फिरून राहिल्या. त्याईले नाई लागलं?"

"मैनाबाई, ही मेस आहे. दवाखाना नाही, अन कोंबड्यांचा तर नाहीच. उचल!"

ऑफिसातले सगळे खो खो हसले. दयाराम घरी येऊन मला हा किस्सा रंगवून सांगत होते. मीही हसले. तेही लिहून ठेवते, कारण आज मला दुसऱ्यांवर ओरडायचं आहे आणि त्याआधी हे सांगणं भाग आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर साठ-पासष्ट माणसं आडवी झाली. ओकाऱ्या, घेरी, पाय वळणं. जो तो खांब धरून उभा. नशिबाने कोणी गेलं नाही. पण सुखराम, तेविसाचं पोरगं, परांचीवर चढलेला होता. घेरी येऊन खाली आला. कंबरेखाली पाय मोडला तो कायमचा आखूड झाला. कामावरून गेला. त्याची आई रत्नमाला पुढे कॅम्पाच्या नळावर तुम्हाला पाहिलं की हंडा खाली ठेवून शिव्या द्यायची.

चौकशी झाली. केवढी मोठी चौकशी! दोन टेबलं, चार खुर्च्या, पाऊण तास. गहू कुठून घेतला, कोणी पसंत केला, हे कोणी विचारलं नाही. उरलेली पोती त्याच संध्याकाळी कुठे गेली, हेही नाही. मूठभर दाणे बाटलीत घालून नागपूरला तपासायला पाठवावेत, एवढंही कोणाला सुचलं नाही. ज्या बाईने तीन महिने आधी भिंतीवर लिहून ठेवलं होतं, ती समोर उभी होती, आणि तिला विचारलं काय, तर "धुण्याचं पाणी कुठलं होतं? भांडी घासली होतीस का?" कागदावर आलं: धान्य धुण्यात निष्काळजीपणा. खाली तुमचा अंगठा.

दयाराम म्हणाले होते, "तुला बोलावलेलं नाही. तू जायचं नाही." मी गेले नाही. खिडकीत बसून वाटाणे सोलले.

मैनाबाई, मला तुमचाही राग येतो. येऊ दे! एवढं तोंड होतं तुम्हाला. कोंबडी टेबलावर आदळणारी बाई तुम्ही, आणि त्या दिवशी दातखीळ बसली? "धुवायला त्या शिकलेल्या बाईने सांगितलं" असं एक वाक्य बोलला असतात तर? मी हे तुम्हाला पुढल्या मंगळवारी विचारलंही होतं. मेसमधून काढलं तरी तुम्ही आमच्याकडे आलात, मंगळवार होता म्हणून. उंबऱ्यात बसलात.

"माझं नाव का नाही घेतलंस?"

"तुमचं नाव घेऊन मले काय भेटलं असतं? तुमाले कोनी अंगठा लावाले सांगतलं नसतं."

"पण तू का लावलास?"

"भैय्याजीनं तेजरामचा गेटपास टेबलावर ठेवला होता. म्हने, तू बोलशीन त हा फाटंन." मग तांदळातला एक खडा बाहेर फेकून म्हणालात, "अंगठा माहा होता. पास घराचा होता."

त्यानंतर तुम्ही पुन्हा डोक्यावर माती घेतलीत. मानेचं दुखणं होतंच. पण तुम्हाला बोचत होतं ते वेगळंच. कॅम्पातल्या बायका आधी लग्नाकार्याचं धान्य तुमच्या नजरेखालून घालायच्या. "मैनाबाईनं पाहेलं" म्हटलं की विषय संपायचा. आता तुम्ही कोणाच्या ओट्यावर बसलात की बाई सूप उचलून आत नेई. तुमच्या हातचं पाणी बंद नव्हतं, नजर बंद झाली होती. पिढ्यांची नजर! आणि बंद कशाने, तर पाऊण तासाच्या एका खोट्या कागदाने.

पुढला जानेवारी आला. एकोणसाठ. कॅम्पात दुसरं बोलणं नव्हतं: पहिली भट्टी पेटणार. मोठी माणसं येणार, रस्ते धुतले जात होते, ऑफिसवाल्यांच्या बायकांनी कुठल्या रांगेत उभं राहायचं यावर आमच्यात रोज भांडणं. त्या गडबडीत तुम्ही मागच्या दाराने आलात. केसांत माती.

"बाई, जुनवानीत पाच टिपके झाले. कालचा पाऊस धरून रेघ. यंदा रिसालीकडेबी तसंच हाय."

माझं बोलून मागल्या वर्षीच झालं होतं.

"हा गहू चैतात शामरावच्या दुकानात येईन," तुम्ही म्हणालात. शामराव म्हणजे कॅम्पातला किराणावाला. "यंदा मेस नाई, घरोघरी जाईन. लेकरं खातीन. मी सांगतो त कोनी आयकत नाई. रत्नमाला म्हनते, सोताच इख घातलं अन आता भेव दाखवून राहिली."

"मग मी काय करू?"

"माह्यासंगं नळावर चाला. सकाळी सगळ्या बाया असतात. तिथं उभ्या राहा अन एवढंच म्हना का, धुवाले मी सांगतलं होतं, मैनाबाई नाई म्हनत होती. बस. बाकी मी बोलतो. मले मेसचं काम नको, भैय्याजीचं नाव नको. माह्या तोंडचं आयकाले पाहिजे त्याईनं, एवढंच."

दहा मिनिटांची वाट. दोन वाक्यं. मी म्हणाले, "भट्टी पेटू दे, मग येते."

भट्टी पेटली. आम्ही तिसऱ्या रांगेत उभ्या होतो, मागे भैय्याजी टाळ्या वाजवत होते. मग पाहुणे आले. मग मला ताप आला, खरोखर आला. मग वर्ध्याला नणंदेचं लग्न. मार्चअखेर परत आले तर तुम्ही क्वार्टराच्या वळणावर भेटलात, डोक्यावर घमेलं.

"बाई, कवा चालाचं?"

"येते गं. या आठवड्यात."

चैत्र लागला. शामरावच्या दुकानात नवा गहू आला. तुम्ही दुकानासमोर उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना सांगत होतात, आणि शामरावने तुम्हाला हात धरून रस्त्याच्या पलीकडे नेऊन सोडलं. त्याच दिवशी संध्याकाळी तुम्ही पुन्हा आमच्या दारात. या वेळी विनंती नव्हती.

"उद्या सकाळी. नळाले पानी येते तवा. येता का नाई, थे सांगून टाका. मी उगाच उभी राहात नाई."

"येते," मी म्हणाले. "नक्की येते."

आणि ऐका, सगळं सांगते. मी दुसऱ्या दिवशी लवकर उठले. लुगडं नेसले, चप्पल घातली. दयाराम दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "कुठे?" मी सांगितलं. ब्रश खाली ठेवून ते म्हणाले, "कारखान्यात कायम घ्यायची यादी या आठवड्यात निघते आहे. शिफारस भैय्याजींची आहे. आज तू नळावर जाऊन बोलशील, आणि तासाभरात ते त्यांच्या कानावर जाईल. हं, जा."

'हं, जा' म्हणाले. अडवलं नाही. म्हणजे अडवलं म्हणून गेले नाही, असंही मला म्हणता येत नाही.

मी चप्पल काढली.

त्या उन्हाळ्यात कॅम्पात घरोघरी ओकाऱ्या झाल्या. लोक म्हणाले, ऊन फार आहे. एक-एक घर आपापलं आजारी पडलं, म्हणून चौकशीची वेळही आली नाही. किती लेकरं लोळली, कोणी मोजलं नाही. आमच्या घरात कोणाला काही झालं नाही, कारण आमचा गहू त्या वर्षी मी माहेराहून, अमरावतीहून मागवला होता. तुम्ही सांगितलं होतंत ना. मी तुमचं ऐकलं, फक्त माझ्या घरापुरतं.

जूनमध्ये तेजराम आणि तुम्ही साकोलीला निघून गेलात. मला सांगायला आला नाहीत. कशाला याल? कौशल्याने मला त्या सकाळचं सांगितलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून. तुम्ही पाणी यायच्या आधीच नळावर गेला होतात. हंडा नव्हता, नुसत्याच. रत्नमालेने शिव्या दिल्या, तुम्ही उत्तर दिलं नाहीत. कोणी विचारलं, कोणाची वाट पाहून राहिली? तुम्ही म्हणालात, "एक बाई येनार हाय." पाणी गेलं, रांग मोडली, बायका घरी गेल्या. तुम्ही आमच्या क्वार्टरांच्या रस्त्याकडे तोंड करून उभ्या होतात, कामाचा भोंगा होईपर्यंत.